लखनौचे तीन पिंजरे

बालसाहित्यातल्या बंदिवान प्राण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास पारध्याच्या जाळ्यातली कबुतरं निघतात, नाहीतर सोडवणाऱ्यावरच उलटणारा वाघ. त्या कथांत मूल नाहीच. प्राणी बोधाच्या कामाला जुंपलेले. पुढच्या भूतदयेच्या गोष्टीही तशाच. मुलगा दार उघडतो, पोपट उडून जातो, आई पाठ थोपटते. त्यांवर रेंगाळण्यात अर्थ नाही. मूल, प्राणी आणि पिंजरा यांची खरी गाठ पडली ती लखनौच्या कथांत, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे.

आरंभ प्रेमचंदांपासून. ‘दो बैलों की कथा’तले हिरा-मोती बहुतेकांना शाळेतच भेटतात. परक्या घरी उपाशी बांधलेल्या त्या बैलांना रात्री चोरून भाकरी भरवणारी आणि शेवटी दावं सोडणारी सावत्र आईच्या हाताखालची पोर कुणी विसरलेलं नसेल. पण खास मुलांसाठी लिहिलेल्या ‘जंगल की कहानियाँ’तला ‘मिट्ठू’ फारसा कुणी वाचलेला नसतो. लखनौत सर्कस येते, तिच्यातल्या मिट्ठू नावाच्या माकडाचा गोपालला लळा लागतो. सर्कस निघणार म्हणताच पोरगा आईकडून अठन्नी घेऊन माकड विकत आणायला धावतो. तिथं चित्ता पंजा काढून त्याला धरतो, आणि मिट्ठू साखळीला हिसडा देऊन त्या पंजावर झेप घेतो. ती अठन्नी मला फार मोलाची वाटते. गोपालचं प्रेम खरं आहे, पण मालकीशिवाय प्रेम कसं करायचं हे त्याला ठाऊक नाही. प्रेमचंद त्याला रागवत नाहीत.

देशी सर्कस तर आपल्या सांगलीकडची. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ती उभी केली, म्हैसाळच्या देवलांनी नाव कमावलं, रिंगमास्तर दामू धोत्रे अमेरिकेपर्यंत गाजले. भानू शिरधनकरांनी शब्दांकित केलेलं धोत्र्यांचं ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ माझ्या पिढीनं पुन्हा पुन्हा वाचलं. पण ते रिंगमास्तरचं पुस्तक. पिंजऱ्यापाशी खाऊ घेऊन उभ्या राहिलेल्या पोराचं तोडीस तोड पुस्तक मराठीत मी शोधतोच आहे. १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, अस्वल, माकड सर्कशीतून गेले, ते उत्तमच झालं. कथेतूनही त्यांना घालवायचं कारण नव्हतं.

सत्यजित राय यांची ‘बादशाही अंगठी’ भराभर उरकतो. १९६६ च्या सुमाराची ही लखनौची रहस्यकथा अशोक जैनांमुळे मराठी मुलांच्याही हाती आली. बनबिहारीबाबूंच्या बंगल्यात मगर, तरस, विषारी साप. गोष्ट सांगणारा मुलगा तोपशे हे सारं टकमक पाहतो, आणि प्राणी जमवणाऱ्या माणसाची हाव हळूहळू त्याच्या ध्यानात येते. राय एवढंच करतात, आणि चोख करतात.

आता माझा जिव्हाळ्याचा भाग. लखनौची कैसरबाग म्हटली की मराठी माणसाला भातखंड्यांचं १९२६ चं संगीत महाविद्यालय आठवतं. त्याच कैसरबागेत, बादशहा वाजिद अली शाहच्या अमदानीत, नैयर मसूद यांची ‘ताऊस चमन की मैना’ घडते. मसूद लखनौ विद्यापीठात फारसी शिकवत. याच नावाच्या कथासंग्रहाला २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काले खाँ बादशहाच्या बागेतला साधा नोकर, त्याची आईविना पोर फलक आरा. तिला पहाडी मैनाच हवी. बाप बादशहाच्या भव्य पिंजऱ्यातली एक मैना गुपचूप घरी नेतो. पोर तिच्याशी दिवसभर बोलते, लाडाने आपलं कौतुक ऐकवते, दूध-जिलबीच्या गप्पा मारते. पुढे बाप पक्षी जागेवर ठेवून येतो. मग बादशहासमोर सगळ्या मैना पढवलेले स्तुतीचे बोल एका सुरात म्हणतात, आणि ही एकटी त्या पोरीचं घरगुती बोलणं बोलून जाते. चोरी उघडी पडते ती प्रेमानंच. बादशहा क्षमा करतो. पण त्याचंच राज्य १८५६ मध्ये इंग्रज गिळतात. पिंजऱ्यावर पिंजरा असा तो डाव आहे, आणि त्याच्या मधोमध एक लहान मुलगी.

ही मुलांची कथा नव्हे, असं आमचे काही जाणकार मला अनेकदा ऐकवतात. मुलांपुढे पिंजरा नको, त्यानं क्रौर्य शिकवलं जातं, असंही म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. बारा वर्षांच्या मुलाला हट्ट कळतो, चोरी कळते, आपल्यापायी बाप अडचणीत आला हेही कळतं. क्रौर्य शिकवतो तो न दिसणारा पिंजरा. लखनौतल्या नखासच्या बाजारात पक्ष्यांचे पिंजरे रचलेले मी पाहिले आहेत. देशी पोपट-मैना पाळायला कायद्यानं मनाई असली तरी मुलांचा हट्ट काही कायद्यानं मिटत नाही. त्याच्याशी कथेनंच बोलायला हवं.

आजची गुळगुळीत पुस्तकं तेच टाळतात. वाघ किती किलोचा, हत्ती किती पाणी पितो, शेवटच्या पानावर ‘निसर्ग वाचवा’. माहिती भरपूर, पण प्राण्याचा मोह पडलेलं आणि त्या मोहाची लाज वाटलेलं मूल कुठेच नाही. प्रकाशकांना माझं सांगणं आहे: ‘मिट्ठू’ आणि ‘ताऊस चमन की मैना’ चांगल्या मराठीत एकत्र आणा, हिरा-मोतींना शेजारी बसवा आणि पुस्तकावर छापा, ‘वय वर्षं बारा आणि पुढे’. मुलं वाचतील, आणि मोठ्यांना अवघड प्रश्न विचारतील. बालसाहित्यानं एवढं तरी केलंच पाहिजे.