गल्लीतल्या घरातला चौक

इंदूरच्या जुन्या भागातले कितीतरी मराठी वाडे आता भावाभावांत वाटले गेले आहेत. वाट्याला येतो पंधरा-अठरा फूट रुंद आणि साठेक फूट खोल तुकडा, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. नवे बांधकाम काढताना पहिला जातो तो चौक. ‘तेवढीच एक खोली निघेल,’ असे म्हणतात. निघते खरी, पण मग मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवे लावावे लागतात.

इतक्या अरुंद जागेत चौक बसतो का? ओसाकाच्या दाट वस्तीत तादाओ आंदो यांनी १९७६ साली बांधलेले सुमियोशीचे घर पाहावे. प्लॉट जेमतेम ५७ चौरस मीटर. त्याचे तीन सारखे भाग करून मधला उघडा ठेवला. रस्त्याकडे फक्त दार, खिडकी एकही नाही. उजेड-वारा सगळा आतून. मात्र बैठकीतून स्वयंपाकघरात जायचे तर चौक ओलांडावा लागतो, पावसात छत्री घेऊन! एवढा हट्ट आपल्याला नको. आपल्या वाड्यांना ओसरी होती, ती ठेवावी. एका बाजूने तीन-चार फुटांची झाकलेली वाट पुरते.

खरा प्रश्न उन्हाचा. कर्कवृत्त इंदूरच्या थोडे उत्तरेला, उज्जैनजवळून जाते. त्यामुळे जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो, पण डिसेंबरात दुपारीही तो ४४ अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे दक्षिणेला दुमजली, बावीस फुटी भिंत असेल तर तिची सावलीही जवळजवळ तेवढीच लांब. दहा फुटी चौकाच्या फरशीला थंडीत ऊन लागणारच नाही, तुळस कोमेजेल. प्लॉट उत्तर-दक्षिण असेल तर दक्षिणेकडचा भाग एकमजली ठेवून वर गच्ची करावी. पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेची भिंत शेजाऱ्याची, तिथे इलाज नाही. मग उत्तरेची भिंत पांढरी ठेवावी, तिच्यावर पडलेला उजेड खाली उतरतो.

पावसाला लोक उगाच घाबरतात. दहा बाय बारा फुटांच्या चौकात पन्नास मिलिमीटर पावसाचे साधारण साडेपाचशे लिटर पाणी पडते. एक चांगला उतार आणि रुंद मोरी यांना ते सहज झेपते. गोंधळ होतो तो हजार फुटांच्या गच्चीचे पाणीही चौकात सोडल्यावर. ते साडेचार हजार लिटरांच्या वर जाते. ते वेगळ्या पाइपने टाकीत न्यावे.

चौकावर प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा ठोकणे मात्र टाळा. रात्री वरून उतरणारी गार हवा अडते आणि मे महिन्यात घराची भट्टी होते. टाकायचाच असेल तर दोन फूट उंच उचलून चारी बाजू मोकळ्या ठेवा. चोर आणि माकडांसाठी लोखंडी जाळी पुरते. तिला एक झडप हवी, संक्रांतीला अडकलेले पतंग काढायला.