बोअर केलेले इंजिन कमी वेगात दम का सोडते?

उन्हाळा तोंडावर आला की नदीकाठच्या आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती निघते. सिलिंडर बोअर होतो, पिस्टन आणि रिंगा नव्या बसतात, पदरचे किंवा कर्जाचे हजारो रुपये मोजून इंजिन मळ्यात परत येते. हॅण्डल मारल्यावर ते सुरूही होते. पण पंपाचा पट्टा चढवला की त्याला धाप लागते, काळा धूर निघतो आणि वेग घटला की ते बंद पडते. मग मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री डिझेलला, आणि रविवारी एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. इकडे उभे पीक वाळते ते वेगळेच. म्हणून या खेपेस आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम इंजिनाचे मर्म समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. आत आलेली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पिस्टन जलद वर आला तर हवेला निसटायला वेळ मिळत नाही. सावकाश आला तर ती रिंगांच्या व व्हॉल्व्हच्या फटीतून गळते आणि तिची उष्णता सिलिंडरची भिंत शोषून घेते. म्हणून दाबातली खोट कमी वेगातच आधी उघडी पडते. होडीला बसवलेल्या डिझेल इंजिनालाही हाच नियम लागू आहे.

परंतु मिस्त्रीच्या डोळ्यातले कुसळ शोधण्यापूर्वी आपल्या पंपातले मुसळ पाहावे. पट्टा उतरवून पंप हाताने फिरवा. जड फिरला तर ग्लँड फार आवळली आहे किंवा बेअरिंग धरले आहे. फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकला आहे का, पट्टा घसरतो का, हेही पाहा. पंपाचा वेग घटला की पाणी त्याच प्रमाणात घटते, पण पाणी चढवण्याची उंची वर्गाच्या प्रमाणात घटते. १५०० फेऱ्यांचा पंप १०५० फेऱ्यांनी फिरवला तर तो जेमतेम निम्मी उंची गाठतो. विहीर खोल असेल तर पाट कोरडाच राहील, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसेल.

आता इंजिनाकडे वळू. स्वस्त काम आधी, खर्चाचे नंतर, हा क्रम सोडू नये.

१) हवा आणि डिझेल : एअर क्लीनर साफ करा. टाकीच्या तळाचे पाणी काढा, फिल्टर पाहा, नळीत अडकलेली हवा सोडून द्या.

२) धुराचा रंग : काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त किंवा ओझे फार. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे. दाब कमी आहे किंवा फवारा उशिरा होतो आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. नव्या रिंगा बसेपर्यंत तो थोडा दिसतो.

३) दाब : डिझेल बंद ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. दाबावर ते अडले पाहिजे आणि उलट उसळले पाहिजे. सहज पुढे गेले तर कान देऊन ऐका. सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो, एअर क्लीनरमध्ये आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइलच्या भांड्याच्या ब्रीदरमध्ये आली तर रिंगा. चालू इंजिनाच्या थंड करणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट पाहावे.

४) टॅपेट : फट अगदी कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. फट कंपनीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवावी.

५) फवाऱ्याची वेळ : इंजिन खोलून जोडताना गिअरचा एक दात चुकला किंवा फ्युएल पंपाखालची पत्री बदलली, तर वेळ बिघडते. जाड गॅस्केट बसले तर दाबही उतरतो. गव्हर्नरची स्प्रिंग व दांडी नीट जोडली नाही, तर ओझे आल्यावर जादा डिझेल मिळत नाही. ही तपासणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी.

नव्या रिंगा सिलिंडरशी जुळायला ओझे लागते. इंजिन तासन् तास रिकामे चालवले तर सिलिंडरची भिंत गुळगुळीत काचेसारखी होते आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. सुरुवातीला हलके ओझे द्यावे, मग हळूहळू वाढवावे.

आता जिवाच्या तीन गोष्टी. नॉझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेले इस्पितळ गाठावे. दुसरे, फिरत्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा मोकळी वेणी नको. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे : विहिरीत किंवा बंद खोपटात इंजिन चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली आहे असेही समजू नये, कारण या विषारी वायूने दिवा विझत नाही. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. इंजिन बंद करा, माणसे आणि अग्निशमन दलाला बोलवा. एकाला वाचवायला गेलेला दुसराही अशाच प्रसंगी जीव गमावतो.

मिस्त्रीशी व्यवहार करताना काय बदलणार ते आधी कागदावर लिहून घ्यावे, आणि उरलेले पैसे पट्टा चढवून पाणी पाटात आल्यावर द्यावेत. ठरल्याप्रमाणे काम झाले, की मग घासाघीस न करता त्याची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. कष्टकऱ्याची मजुरी अडवून ठेवणे हेही पापच आहे.