नगरधनचा किल्ला आणि माहेरच्या चिजा

ग्वाल्हेरच्या माणसाला किल्ला दाखवावा लागत नाही. लष्करातल्या कोणत्याही गच्चीवर उभे राहिले की तो दिसतो. पाहुणे आले की घरातलाच एखादा काका वाटाड्या होतो आणि राजा मानसिंग तोमर व गूजरी महाल यांची कथा आपल्या पदरची चार वाक्ये घालून सांगतो. त्यामुळे पैसे मोजून वाटाड्या ठरवावा आणि त्याच्या मागे मुकाट्याने चालावे, ही कल्पना आपल्या मंडळींना जरा कमीपणाचीच वाटते. गेल्या मार्गशीर्षात मी मात्र तसे केले. घरच्या माणसांपुरता एक वाटाड्या दिवसभरासाठी ठरवला आणि नगरधनचा किल्ला पाहून आलो. त्या दिवसाचे काही आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते, कारण आपल्यासारख्या परमुलखात रुजलेल्या घरांना त्यात थोडे आपलेही सापडेल.

गेली अठरा वर्षे माझा मुक्काम वारासिवनीस आहे. बालाघाट जिल्ह्यातले, वैनगंगेच्या पश्चिमेचे हे गाव हातमागाच्या साड्यांसाठी नाव मिळवून आहे. २०२३ साली या साड्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. बाजारात हिंदी, खेड्यांत पोवारी, जंगलाकडे गोंडी आणि जुन्या वाड्यांत मराठी अशी येथली बोलण्याची पद्धत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि पुष्कळ मराठी घरांची सोयरीक एका राज्यात व उंबरठा दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली.

मी येथे आलो तो आत्याच्या आधाराने. माझे वडील ग्वाल्हेर दरबारच्या शेवटच्या वर्षांतले गवई. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. आत्या ही त्यांची सर्वांत धाकटी बहीण. ती एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन वारासिवनीस आली. तिचे सासर भोसल्यांच्या वेळेपासून या भागात कारकुनीवर राहिलेले. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मुलींनी तंबोरा घेऊन बैठकीत बसण्याची आमच्या घरी चाल नव्हती, पण वडील पहाटे मेहनत करीत तेव्हा ही माजघरात दळण निवडत बसलेली असे. निवडता निवडता जे कानांवर पडले ते राहिले. वडिलांच्या वहीत नाहीत अशा कितीतरी चिजा, स्थायी-अंतऱ्यासह, तिच्याजवळ आहेत. त्यांतल्या काही तर मी दुसऱ्या कोणाकडून कधी ऐकलेल्या नाहीत.

या चिजा लिहून घ्याव्यात, निदान मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणून मी तीन वर्षे तिच्या मागे होतो. तिचे उत्तर ठरलेले : "त्या माझ्या माहेरच्या आहेत. सासरच्या घरात बसून कोणाला देऊ?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. वय पुढे सरकत होते, कधी एखादा अंतरा अडखळत होता, आणि मी शाळेतल्या मुलांना तीच ती छापील पुस्तकातली बंदिश शिकवून घरी येत होतो.

सहलीचे निमित्तही तिनेच काढले. रामटेकला ती कित्येक वेळा गेली होती, पण खालच्या नगरधनला कधीच नाही. "देवाला गेलो की बायकांना घाई. गड पाहायला पुरुष जात," असे ती म्हणाली. मग तिच्या नातसुनेने एक गाडी ठरवली आणि ओळखीच्या ओळखीतून तिकडच्याच एका निवृत्त शिक्षकांना दिवसभरासाठी बोलावले. मानधन आधीच ठरवले. पंचवीस माणसांच्या कळपात म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. सर्वांच्या पायांची गती एक, आणि तिची वेगळी. आपला माणूस बरोबर असला म्हणजे तिच्या पावलाने सर्वांना चालता येते.

सकाळी सहाला निघालो. कटंगी मागे पडली, बावनथडी नदी ओलांडली की पाट्यांवरचे हिंदी जाऊन मराठी येते. आत्याने डोळे बारीक करून पहिली पाटी मोठ्याने वाचली आणि मग तुमसरपर्यंत एकही सोडली नाही. एवढ्या वर्षांत घराबाहेर मराठी अक्षर तिला फारसे भेटत नव्हते, हे त्या वाचण्यावरून मला उमगले. तीन तासांनी रामटेकची टेकडी दिसू लागली. गुरुजी ठरल्या ठिकाणी, हातात छत्री घेऊन उभे होते.

नगरधन रामटेकच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर आहे. किल्ला भुईकोट. चढ नाही, म्हणून तर आत्याला नेता आले. चौकोनी तट, बुरूज, कमानीचा दरवाजा. आज उभे आहे ते बांधकाम अठराव्या शतकातले, नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या नावाने सांगितले जाणारे, आणि पुराणवस्तू खात्याने अलीकडे दुरुस्त केलेले. आत एक पायऱ्यांची विहीर असून तिच्यात जमिनीखाली देवीचे ठाणे आहे. ग्वाल्हेरच्या डोळ्यांना हे सारे लहान वाटेल. मानमंदिराची निळी नक्षी येथे नाही, सासबहूच्या देवळांचे कोरीवकामही नाही.

मात्र गुरुजींची सांगण्याची तऱ्हा वेगळी होती. दरवाजात त्यांनी काहीच सांगितले नाही. आम्हांला आत जाऊ दिले, भिंतीला हात लावू दिला, आणि आत्या सावलीत बसल्यावर म्हणाले, "आजी, तुम्ही पाहता तो भोसल्यांचा. तुम्ही बसल्या आहात त्याच्या खाली दुसरं गाव आहे जी." चांगला तबलजी ठेका धरून गायकाला मोकळे सोडतो आणि समेला नेमका भेटतो, तसे काहीसे हे होते. पुष्कळ वाटाडे प्रत्येक मात्रेवर परण वाजवतात. मग पाहणाऱ्याला पाहावयास जागाच उरत नाही.

खालचे गाव म्हणजे नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. नगरधन हेच नंदिवर्धन, आणि रामटेक हाच कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. १९६३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा वाकाटक लेखांचा ग्रंथ आजही अभ्यासकांना लागतो. २०१५ ते २०१८ या काळात महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाने व पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. त्यात मातीची एक लहानशी मुद्रा सापडली. लंबगोल, साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास लांब, वजन सहा ग्रॅमच्या थोडे वर. तिच्यावर शंखाचे चिन्ह आणि ब्राह्मी अक्षरांत एका राणीचे नाव : प्रभावतीगुप्ता.

ही मगधाच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. आई नागकुळातली कुबेरनागा. पाटलिपुत्राच्या घराण्यातून ती वाकाटक रुद्रसेनाची राणी होऊन विदर्भात आली. पती लवकर गेला, मुले लहान. मोठा दिवाकरसेन युवराज असताना निदान तेरा वर्षे तिने राज्याचा कारभार पाहिला. त्या तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून तिने दिलेले दान एका ताम्रपटावर कोरलेले आहे. त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. पुढे धाकटा मुलगा प्रवरसेन गादीवर आला. महाराष्ट्री प्राकृतातले 'सेतुबंध' हे काव्य त्याचेच मानले जाते, आणि महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. पाटलिपुत्राच्या लेकीचा मुलगा दोन पिढ्यांच्या आतच येथल्या भाषेत काव्य करता झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गुरुजी हे सांगत असता आत्या ऐकत होती की नाही, कळत नव्हते. ती गवताच्या काडीने जमिनीवर काही रेघोट्या ओढीत होती. मग तिने विचारले, "त्या पत्र्यावर तिनं नाव कुणाचं घातलं? नवऱ्याच्या घराण्याचं?"

"नाही आजी. वंशावळ दिली ती बापाकडची. गुप्तांची. गोत्रसुद्धा माहेरचंच सांगितलं, धारण गोत्र. वाकाटकांचं विष्णुवृद्ध वेगळं."

"आणि राज्य सासरचं?"

"राज्य सासरचं. त्यांच्याच राजधानीत बसून."

"कुणी बोललं नाही तिला?"

गुरुजी हसले. "बोललं असेल तर ते कोणी कोरून ठेवलं नाही."

आत्याने पुढचा प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता. तो पत्रा इतकी शतके जपला कोणी, असे तिला हवे होते. गुरुजींनी सांगितले की हा ताम्रपट उजेडात आला तेव्हा तो एका तांबटाच्या घरी होता. आता तांबटाच्या हाती आलेले जुने तांबे म्हणजे वितळवून भांडी करण्याचा माल. अक्षरे वाचता येणे शक्य नव्हते, तरी त्या घराने पत्रे मोडीत घातले नाहीत. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विहिरीच्या तोंडाशी जाऊन देवीला हात जोडले, माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि आम्ही निघालो.

दुपारी रामटेकच्या पायथ्याशी जेवलो, वर गाडीने जाऊन दर्शन घेतले. प्रभावतीचा दुसरा ताम्रपट, रिद्धपूरचा, याच रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, असे गुरुजींनी सांगितले. त्यातही वंशावळ गुप्तांचीच आहे. तोवर तिचा मुलगा राजा होऊन एकोणीस वर्षे झाली होती. म्हणजे तरुणपणीचा हट्ट म्हणून तिने माहेर लिहिले असे नव्हे. उतारवयातही तिला ते लिहावेसे वाटले.

परतताना तुमसरच्या पुढे अंधार पडला. नातसून पेंगली होती. आत्या गुणगुणू लागली. अडाणा होता, विलंबित नव्हे, मध्यलयीतला. स्थायी दोनदा झाली, अंतरा आला, आणि जेथे एरवी ती अडखळे ते वळण तिने सहज घेतले. मी वही काढली नाही, मोबाइलला हात लावला नाही. चीज संपल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून सांगीन. तू लिही. पण एक अट आहे."

मला वाटले, माहेरचे नाव घाल म्हणेल. ती म्हणाली, "'दरबारी गवयाची बहीण' असं लिहायचं नाही. अमक्याची सून असंही नाही. माझं नाव घाल. खाली मग बापाचं, भावाचं, हवं त्याचं घाल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक तास आम्ही बसतो. आतापर्यंत एकतीस चिजा लिहून झाल्या आहेत. तीन अर्ध्या आहेत, त्यांचे अंतरे तिला आठवत नाहीत, आणि मी ते जुळवून घालणार नाही. वारासिवनीच्या माझ्या वर्गात एक पोवारांची मुलगी व एक विणकराचा मुलगा आहे. दोघांच्याही घरी कधी तंबोरा नव्हता. त्यांना मी यांतल्या दोन शिकवल्या आहेत. आत्याने मुलीकडून एक ऐकली, दोन ठिकाणी दुरुस्त केली, आणि मुलीच्या उच्चारातला पोवारी हेल तसाच राहू दिला. "राहू दे, ती इथली झाली," एवढेच म्हणाली. तिचे नाव मी या लेखात देत नाही. ते जेथे असावयाचे तेथे, वहीच्या पहिल्या पानावर आहे.

आपल्या गायकीचाही इतिहास असाच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची विद्या घेऊन दक्षिणेत गेले, म्हणून ती महाराष्ट्रात पसरली. १९१८ साली ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय निघाले, म्हणून ती गवयांच्या घरांबाहेरच्या मुलांनाही मिळू लागली. पण माजघरात बसून जी ऐकली गेली, लग्नाबरोबर दूरच्या गावी गेली आणि तेथे कोणी मागितली नाही म्हणून गप्प राहिली, ती विद्या कोणत्याही नोंदीत नाही. लष्करातल्या, इंदूरच्या, देवासच्या किती आत्या-मावश्यांजवळ अशी शिल्लक असेल, याचा अंदाज आपल्या वाचकांनीच करावा.

ज्यांना नगरधन पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी चार शब्द. थंडीतच जावे, उन्हाळ्यात विदर्भाचे ऊन वृद्धांना सोसत नाही. पाणी व सतरंजी जवळ ठेवावी, कारण बसून पाहण्याची ती जागा आहे. वाटाड्या घ्यावा, आणि शक्यतो त्याच भागातला घ्यावा. मानधनात घासाघीस करू नये. मैफलीत आपण साथीदाराशी करीत नाही, मग येथे का करावी? आणि घरातले सर्वांत वडील माणूस बरोबर न्यावे. वाटाड्याला काय विचारावयाचे ते बहुधा त्यालाच ठाऊक असते.