मोटारसायकलच्या इंजिनावर चारचाकी : आधी हिशेब, मग हुनर

बीडहून सोलापूरकडे निघाले की घाट चढून मांजरसुंबा लागते. पाटोद्याकडून येणारा आणि केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथेच धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. कापडाचे गठ्ठे घेऊन या रस्त्याने आमची अनेक वर्षे ये-जा आहे. मध्यंतरी येथील एका तरुण फिटरने आमच्याकडे कर्ज-ए-हसना मागितले. मोटारसायकलचे इंजिन बसवून दोन माणसांची हलकी चारचाकी स्वतः बांधायची, रस्त्यावर चालवायची आणि जमल्यास पुढे ऑर्डरी घ्यायच्या, असा त्याचा बेत. त्याचा प्रश्न एवढाच होता, "चाचा, इंजिन कोणते घेऊ?" पैसे देण्याआधी आम्ही जाणकारांशी मशवरा केला. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा विचार वेडेपणाचा मुळीच नाही. इंग्लंडमध्ये १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची मोटार निघाली. तिचे सुटे भाग विकत घेऊन लोक घरीच गाडी जोडीत. अशा गाडीला तिकडे किट कार म्हणतात. पुढे काही कारागिरांनी तशा गाड्यांना सुझुकी हायाबुसासारख्या मोटारसायकलींची इंजिने बसविली. इंजिन, क्लच आणि गिअर एकाच कवचात मिळतात आणि वजन कमी भरते, हा त्यातील फायदा.

मात्र कापड घेताना गिऱ्हाईक रंग पाहते आणि व्यापारी ताणाबाणा पाहतो. इंजिनाचेही तसेच आहे. सीसी आणि टॉप स्पीड हा झाला रंग. ताणाबाणा म्हणजे ओढ, थंडावा आणि रिव्हर्स.

प्रथम ओढ पाहू. दोन माणसांसह मोटारसायकलचे वजन सुमारे २६० किलो भरते. घरी बांधलेली चारचाकी ३५० किलोची धरली, त्यात दोन माणसे आणि १०० किलो माल घातला, तर ६०० किलो होतात. पंधरा फुटांत एक फूट असा चढ धरून आम्ही हिशेब मांडला. ताशी ३० किलोमीटर वेगाने चढायला चाकांवर साडेपाच अश्वशक्ती लागते, ताशी ५० ला साडेदहा. शंभर सीसीचे इंजिन साधारण आठ अश्वशक्तीचे, त्यातील काही साखळी आणि गिअरमध्येच जाते. म्हणजे ते घाट कसाबसा चढेल, पण पूर्ण जोर लावून. असे इंजिन किती दिवस टिकणार?

मग जास्त ताकदीचे घ्यावे काय? येथे दुसरी मेख आहे. चाकणला बनलेल्या ३७३ सीसी केटीएम ड्यूकची ताकद ४३ अश्वशक्तीच्या आसपास, पण तिची पुरी ओढ मिनिटाला सुमारे ७००० फेऱ्यांवर मिळते. ३४६ सीसी बुलेटची ताकद याच्या निम्म्याहून कमी, सुमारे २० अश्वशक्ती, पण तिची पुरी ओढ ४००० फेऱ्यांवरच येते. जड गाडी थांब्यावरून उचलताना खालच्या फेऱ्यांवरची ओढ कामाला येते. नाहीतर क्लच प्लेटा जळतात.

आता थंडावा. बुलेटचे इंजिन वाऱ्यावर थंड होते. तेच पत्र्याच्या आत कोंडले तर मराठवाड्याच्या मे महिन्यात काय होईल, हे सांगायला नको. तेथे पंखा किंवा रेडिएटरवाले इंजिन हवे. रिव्हर्स तर साध्या मोटारसायकलला नसतोच, तो वेगळा बसवावा लागतो. रिक्षाच्या इंजिनाला पंखाही असतो आणि रिव्हर्सही. वेग कमी चालत असेल तर इंजिन म्हणून तेच सोयीचे.

परंतु खरा अडथळा इंजिनाचा नाही, कागदाचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि कलम १४६ नुसार तिसऱ्या व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून पास व्हावा लागतो. हा खर्च कारखानदाराला झेपतो, फिटरला नाही. एका माणसाने बांधलेली एकच गाडी तपासून पास करण्याची इंग्लंडसारखी सोय आपल्याकडे नाही. जुन्या गाडीच्या नंबरावर नवे धूड चालविण्याची वाटही कलम ५२ ने बंद केली आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. दुचाकीचे इंजिन आणि रिक्षाची चाके वापरून त्यांनी सुमारे साठ हजारांत चारचाकी बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्या हुनराची तारीफ केली, पण गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले. तिच्या बदल्यात लोहार यांना जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळाली. असा कद्रदान प्रत्येकाला भेटेल, या भरवशावर धंदा होत नाही.

हीच कल्पना नियमांत बसवायला किती वेळ लागतो, हे बजाजच्या 'क्यूट'वरून दिसते. २१६ सीसीचे पाण्याने थंड होणारे इंजिन, सुमारे ४०० किलो वजन, ताशी ७० ची मर्यादा. २०१२ च्या जानेवारीत तिचा नमुना दाखविला गेला. त्यानंतर सरकारला क्वाड्रिसायकल हा नवा वर्गच करावा लागला. महाराष्ट्राच्या बाजारात ती आली २०१९ साली. एवढ्या मोठ्या कारखान्याला सात वर्षे लागली.

आम्ही त्या तरुणाला स्पष्ट सांगितले, "बेटा, गाडीसाठी पैसे देणार नाही. उद्या घाटात कोणाला धक्का लागला तर विमा नाही, आणि भरपाईत तुझे गॅरेजही जाईल." तो दोन दिवस नाराज होता. तिसऱ्या दिवशी आम्हीच त्याच्याकडे गेलो. आता त्याच रकमेतून तो गॅरेजसाठी अवजारे घेत आहे. त्यांचा वापर नोंदणी असलेल्या रिक्षा आणि दुचाकींच्या कामाला होईल, रोजी हलाल राहील आणि हात तयार होत राहील.

त्याने विचारले, "चाचा, मग तवक्कुल कशाला म्हणायचे?" आम्ही म्हणालो, ब्रेक न तपासता गाडी उतारावर सोडणे म्हणजे तवक्कुल नव्हे.