भजनाचा शब्द कानी पडावा म्हणून

घोडबंदर रस्त्याला लागून चेणे गाव आहे. एका अंगाला डोंगर नि जंगल, दुसऱ्या अंगाला रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्या. अशा गावात भजनाला बसलं, तर बुवांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा जाणार? म्हणून आपण कर्णा लावतो. पण पुष्कळदा होतं काय? आवाज पार डोंगरापर्यंत जातो, अन् अभंगाचा शब्द मात्र कोणालाच कळत नाही.

असं का होतं, ते पाहू.

कर्ण्याचं तोंड असतं लोकांकडे. बुवा बसतात त्याच्या मागं. शेजारी पखवाज घुमतो, टाळ वाजतात. बुवांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मग ते ओरडून गातात. घसा बसतो, सूर सुटतो. यंत्रावरच्या माणसाला वाटतं, आवाज कमी पडला. तो बटण फिरवतो. तोच कूंऽऽ अशी शिट्टी वाजते! कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, वाढून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. रहाटगाडगंच ते! म्हणून माइकच्या तोंडासमोर कर्ण्याचं तोंड कधी येऊ देऊ नये.

बुवांसाठी एक लहान स्पीकर वेगळा ठेवतात. त्याला मॉनिटर म्हणतात. तो बुवांकडे तोंड करून, माइकच्या पाठीमागं ठेवावा. पुष्कळ माइकना पाठीमागचं कमी ऐकू येतं, त्यामुळं शिट्टी टळते. आपला सूर कानी आला, की बुवा ओरडत नाहीत.

आता टाळांना माइक लागतोच कशाला? आम्हांला तर ते कधी उमगलं नाही. कर्णा मुळात तीव्र आवाज जोरात फेकतो. पखवाजाचा खर्ज त्याला पेलत नाही. तेव्हा बुवांचा आवाज वाढवण्याआधी टाळकऱ्यांना माइकपासून लांब बसवा. १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट आला. त्या काळी गाणारा माइकजवळ अन् वाद्यं लांब, अशी बसवूनच मेळ साधत.

बटणवाल्यानं कर्ण्याखाली बसून निवाडा करू नये. शेवटच्या रांगेतल्या आजीजवळ जाऊन ऐकावं. तिला शब्द कळला, तर जमलं. कानाची एक खोड आहे. तासभर मोठा आवाज ऐकला, की कान बोथट होतो अन् आणखी आवाज मागतो. म्हणून मधूनमधून लांब जाऊन कान निववून यावं. कानात गुणगुण राहिली, तर आवाज फार झाला असं समजावं. असं वारंवार झालं, तर ऐकू येणं कायमचं कमी होतं.

२००० सालच्या नियमाप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा लावता येत नाही. काही सणांचे दिवस तेवढे सरकार वगळतं. दहा वाजले, की कर्णा बंद करा अन् बुवांभोवती जवळ जवळ बसा.