जुनी फौजी बंदूक : घेण्यापूर्वी आणि झाडण्यापूर्वी

मक्याचे कणीस भरू लागले आणि भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत उतरल्या, की गिरणाकाठच्या शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप एकदा शेतात शिरला म्हणजे चार महिन्यांचे कष्ट एका रात्रीत मातीस मिळतात. रोह्यांचा उपद्रवही काही कमी नाही. डबे वाजवून व फटाके उडवून थकलेल्या मनुष्याच्या मनात अशा वेळी बंदुकीचा विचार आल्यास आम्ही त्यास दोष देत नाही. परंतु गेल्या पंधरवड्यात भडगावानजीकचे आमचे एक स्नेही घरी येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, एक जुनी फौजी रायफल स्वस्तात मिळते आहे. शंभर वर्षांची आहे म्हणतात. इतक्या जुन्या वस्तूस परवाना कशाला? घेऊन टाकू का?" त्यांस आम्ही जे सांगितले तेच येथे विस्ताराने लिहीत आहो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

प्रथम ही वस्तू कोणती ते पाहू. खानदेशास फौजी बंदूक अपरिचित नाही. १८२५ साली औट्रम साहेबाने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तो काळ चकमकीच्या बंदुकांचा होता. पुढे १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड आली. तिच्या नळीत आत पीळदार आटे पाडलेले असत. त्यामुळे गोळी फिरत व सरळ जाई. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर मागून भरावयाची स्नायडर, १८७१ ची मार्टिनी-हेन्री, आणि १८९५ ची .३०३ बोअरची ली-एन्फील्ड अशा पायऱ्या झाल्या. शेवटचीच रायफल बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात पुष्कळ वर्षे बनत होती व आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती आपण सर्वांनी पाहिली आहे. यांतील पहिल्या काळ्या दारूच्या, आणि ली-एन्फील्ड ही धूरविरहित दारूची, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

परदेशांत सैन्याने टाकून दिलेल्या बंदुका विकत घेण्याची चाल आहे. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील शतकापूर्वीच्या बंदुकांचा मोठा साठा अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतला व शौकिनांस विकला. अशा कथा ऐकून आपल्याकडेही तसेच चालत असावे, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. वयाची शंभरी भरली म्हणून कोणतेही हत्यार परवान्यातून सुटत नाही. कलम ४५ अन्वये सूट आहे ती जुन्या घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या अशा हत्यारास, पण जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशासच. म्हणजे भिंतीवर टांगण्यास सूट आहे. रान राखण्यास नाही. जी झाडता येते ती परवान्याचीच. त्यातही .३०३ हा निषिद्ध बोअर असून त्याचा परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस नाही. निषिद्ध हत्यार बेकायदा बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची कैद आहे. ज्या रायफलीसाठी आमचे स्नेही पैसे मोजण्यास निघाले होते, तिची किंमत ही अशी आहे. उलट, पिकाच्या संरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये स्पष्ट केलेली आहे, आणि तो मार्ग राजरोस आहे. वडिलांच्या पश्चात घरात परवान्याची बंदूक राहिली असेल, तर ती विनाविलंब पोलिस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने अर्ज करावा. ती माळ्यावर ठेवून देणे हा अपराध आहे.

आता आम्ही आमचीच एक चूक सांगतो. महसुली नोकरीत उमेदवारीच्या काळी एका कचेरीत परवान्यांची नोंदवही आमच्याकडे होती. एक मध्यम वयाचे शेतकरी वडिलार्जित ठासणीची बंदूक घेऊन नूतनीकरणास आले. आम्ही दस्त्यावरील क्रमांक वहीशी ताडून पाहिला, फी भरून घेतली, शिक्का मारला आणि बंदूक परत दिली. नळीस कानापाशी गंजाचे खोल व्रण होते. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. परंतु वहीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून आम्ही अक्षरही बोललो नाही. त्याच पावसाळ्यात रात्री जागलीवर असता एक बार फुटला नाही; अंधारात त्यांनी त्यावरच दुसरा भरला. नळी फाटली आणि डाव्या हाताची तीन बोटे गेली. पुढे ते सातबाऱ्याच्या कामास येत, तेव्हा तो हात उपरण्याखाली झाकून घेत. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. परवान्याचे नूतनीकरण होते, नळीचे होत नाही, ही गोष्ट आम्ही त्या दिवशी शिकलो. पण तिचे मोल दुसऱ्याने दिले.

म्हणून ज्यांच्याकडे रीतसर परवान्याची जुनी बंदूक आहे, त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

बंदूक हाती येताच ती भरलेली आहे असेच समजावे. ठासणीच्या बंदुकीत गज घालून तोंडाशी खूण करावी, मग गज बाहेरून नळीशेजारी धरून कानापर्यंत पोहोचतो काय ते पाहावे. चार बोटे कमी भरल्यास आत बार आहे. नळीत डोळा घालून कधीही पाहू नये. त्यानंतर परवानाधारक कारागिराकडून नळीचा गंज, फुगवटा, चीर, घोडा व चाप तपासून घ्यावेत. मागून भरावयाच्या रायफलीत बोल्ट बंद केल्यावर काडतुसाच्या बुडाशी किती अवकाश राहतो, हे मापाने तपासावे लागते. तो अधिक असल्यास पितळी पुंगळी फाटून तप्त वायू झाडणाराच्या डोळ्यांवर येतो. विलायती नळीवर लंडनचा किंवा बर्मिंगहॅमचा चाचणीचा छाप असतो. तो त्या दिवसाची व त्या दारूची ग्वाही देतो, आजची नव्हे.

काळ्या दारूच्या बंदुकीत धूरविरहित दारू घालणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. दारू नेहमी मापानेच घ्यावी. शिंगातून अगर डब्यातून परभारे नळीत ओतू नये, कारण मागच्या बाराची ठिणगी आत राहिल्यास सबंध डबा हातात पेटतो. बार फुटला नाही, तर नळीचे तोंड बांधाकडे धरून निदान दोन मिनिटे स्वस्थ राहावे. त्यावर दुसरा बार कदापि भरू नये. पहिला बार कारागिराने बंदूक ठोकळ्यास जखडून, आडोशामागून दोरीने चाप ओढून करावा. डोळ्यांस चष्मा, कानांत बोळे असावेत. झाडून झाल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे, कारण दारूची राख एका रात्रीत लोखंड खाते.

गोळीच्या मागे काय आहे ते न पाहता चाप ओढू नये. रायफलीची गोळी एका मैलापेक्षाही पुष्कळ दूर जाते, आणि आपल्या सपाट मुलखात केळीच्या बागेआड पाणी भरणारा मजूर रात्री कोणास दिसतो?

अखेरची गोष्ट अशी, की बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमातील कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराविषयी वनखात्याचा लेखी हुकूम आधी मिळवावा लागतो, आणि त्या हुकुमाने मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यास ही वाटही खुली नाही.

हे सर्व ऐकून आमचे स्नेही बराच वेळ उगी राहिले. मग हळूच म्हणाले, "माळ्यावर वडिलांची ठासणीची आहे, भाऊसाहेब. परवाना त्यांच्याबरोबरच गेला." दुसरे दिवशी आम्ही दोघे ती ठाण्यात जमा करून पावती घेऊन आलो, आणि वारसाचा अर्ज आम्हीच लिहून दिला. मोहरीच्या दाण्याएवढे व्रण तिच्याही कानापाशी होते. अर्ज मंजूर झालाच, तरी कारागिराने पाहिल्याखेरीज तीत दारू घालणार नाही, असा शब्द आम्ही त्यांच्याकडून घेतला आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी बंदूक पडून आहे, त्यांनी या हंगामापूर्वीच ती खाली काढून ठाण्याची वाट धरावी, अशी आमची आमच्या कृषक बंधूंस हात जोडून विनंती आहे.