नागझिरा, कोका, अंबागड फिरून आल्यावर जेवायचं कुठं? आदल्या दिवशीच एक फोन करा

भंडारा : पहाटे उठून नागझिऱ्याची सफारी केली किंवा अंबागडचा किल्ला चढून उतरलं, की अकरा वाजेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागतात. आसपास विचारलं तर चहा-बिस्किट मिळतं, कधी तेही नाही. मग गाडी सरळ महामार्गावरच्या ढाब्यावर जाते आणि पनीर-रोटी खाऊन लोक घरी परततात. धानाच्या जिल्ह्यात येऊन इथला भातच खाल्ला नाही, असं होतं. पैसाही गेटजवळच्या गावात राहत नाही. असं का होतं आणि काय करता येईल, ते पाहू.

गेटजवळ ताट तयार का नसतं?

पावसाळ्यात सफारी बंद राहते. बाकीच्या दिवसांतही गाड्यांची संख्या ठरलेली असते. सुट्टीच्या दिवशी गर्दी, तर मंगळवारी-बुधवारी शुकशुकाट. वीस माणसांचा स्वयंपाक करून ठेवला आणि चौघंच आले, तर नुकसान कोण भरणार? म्हणून गावातली जेवणं बहुतेक ऑर्डरवरच होतात. आधी सांगितलं तर गरम ताट मिळतं. ऐनवेळी गेलात तर चूल पेटवण्यापासून सुरुवात होते.

कुठं फिरलात, तर कुठं जेवाल?

- नागझिरा (पिटेझरी गेट) : 1970 पासूनचं हे अभयारण्य 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. पिटेझरी परिसरात आधी सांगून जेवण ठरवा. नाहीतर वीसेक किलोमीटरवर साकोली आहे. तर्री-पोहे हा सकाळचा नाश्ता आहे. उशिरा पोहोचलात तर संपलेले असतात, तेव्हा थेट जेवणाचंच बघा.
- कोका : भंडारा शहरापासून साधारण वीस किलोमीटर. गावात सोय झाली तर उत्तम, नाहीतर शहरात या.
- अंबागड : तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकडीवरचा, साधारण 1700 सालच्या सुमाराचा किल्ला. वर खायला काही मिळेल या भरवशावर जाऊ नका. पाणी आणि चणे-गूळ सोबत ठेवा. जेवायला तुमसर गाठा. धानाची मोठी बाजारपेठ असल्यानं तिथं साध्या जेवणाची ठिकाणं सापडतात.
- पवनी : उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य फिरून आलात तर वैनगंगेकाठच्या पवनीत थांबा. गोसीखुर्द धरण जवळच आहे, म्हणून मासे आवर्जून विचारा.

काय मागाल?

उन्हातून आल्या-आल्या झणझणीत सावजी रस्सा नको. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. आधी पाणी, मग मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्या. थोडं बसा आणि मग जेवा.

ताटात इथलं मागा : सुगंधी चिन्नोरचा भात, वरण, झुणका-भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, ठेचा. मामा तलावांचा जिल्हा असल्यानं मरळ, रोहू, झिंगेही मिळतात. हिवाळ्यात तलावातले सिंगाडे उकडून मिळाले तर सोडू नका.

फोनवर हे विचारून घ्या

1. एका ताटाचा दर किती? भात-भाजी पुन्हा घेतली तर वेगळे पैसे का?
2. मासे किंवा कोंबडी असेल तर आज आणलेली का?
3. प्यायला कोणतं पाणी आहे? फिल्टर नसेल तर उकळून ठेवाल का?
4. किती वाजता जेवण तयार राहील? सकाळची सफारी ऋतूप्रमाणे साडेनऊ ते अकराच्या दरम्यान सुटते, हे त्यांनाही सांगा.
5. थोडे पैसे आगाऊ पाठवू का? हे तुम्हीच विचारा. मग समोरचा बिनधास्त सामान आणतो.

फोन आदल्या दिवशीच करा. जंगलात नेटवर्क मिळेलच असं नाही. बेत रद्द झाला तर तेही वेळेत कळवा.

गावात जेवण द्यायचं असेल तर

वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर मोठा परवाना लागत नाही. एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते. अर्ज फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. वर्षाची सरकारी फी 100 रुपये आहे. कोणी हजारो रुपये मागत असेल तर आधी संकेतस्थळावर फी तपासा. बचत गटातल्या बायांनी मिळून काम सुरू करायचं असेल तर ‘उमेद’च्या तालुका कार्यालयात चौकशी करावी.

हिशोब साधा आहे. समजा एका जिप्सीत सहा पर्यटक आहेत आणि ताट 150 रुपयांचं. एका गाडीमागे 900 रुपये गावात आले. तांदूळ घरचा, भाजी वाडीतली, मासे गावच्या तलावातले असतील तर त्यातला बराचसा पैसा गावातच फिरतो. रस्त्यावर एक पाटी लावा : ताटात काय, दर किती, फोन नंबर कोणता. थर्मोकोलऐवजी पळसाच्या पत्रावळीवर वाढा. खर्च कमी, कचराही राहत नाही.

आणि पाहुण्यांनो, उरलेलं अन्न माकडांना टाकू नका. त्यांना सवय लागली की ती पुढे गावातल्या घरांत शिरतात, आणि त्रास गावाला होतो.